सर्कशीचं रिंगण ४२ फुटांचंच का असतं? पहिलं रिंगण आखणाऱ्या घोडेस्वाराची गोष्ट

सर्कशीच्या तंबूत शिरलं की नजर आपोआप वर जाते. वर झुले टांगलेले असतात, त्यांच्याखाली जाळी ताणलेली असते. थोड्या वेळाने तिथे कुणीतरी एका झुल्यावरून हात सोडणार आणि दुसरा झुला पकडणार, हे सगळ्यांना माहीत असतं. तरी त्या क्षणी हजारो माणसं एकदम श्वास रोखून धरतात.

या सगळ्यात खालच्या रिंगणाकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही. जगभरातल्या पारंपरिक सर्कशींमध्ये या रिंगणाचा व्यास साधारण ४२ फूट, म्हणजे सुमारे १३ मीटर असतो. लंडन असो, मॉस्को असो की मुंबई, माप तेच.

हे माप झुल्यांसाठी ठरलेलं नाही. जोकरसाठी किंवा वाघ-सिंहांसाठीही नाही. ते ठरलं धावत्या घोड्यासाठी, आणि रुळवलं लष्करातून बाहेर पडलेल्या एका सार्जंट मेजरने. त्याचं नाव फिलिप ॲस्टली. आधुनिक सर्कशीचे जनक म्हणून आज त्यांना ओळखलं जातं. गंमत म्हणजे आपल्या खेळाला सर्कस हे नाव त्यांनी स्वतः दिलं नाही. ते दिलं त्यांच्या प्रतिस्पर्ध्याने.

सुताराचा मुलगा आणि घोड्यांचा नाद

फिलिप ॲस्टली यांचा जन्म ८ जानेवारी १७४२ रोजी इंग्लंडमधल्या न्यूकॅसल-अंडर-लाइम या गावात झाला. वडील लाकडी कपाटं आणि घरातलं सामान बनवणारे कारागीर होते. मुलाने हाच धंदा पुढे चालवावा, अशी त्यांची इच्छा होती. फिलिप काही वर्षं वडिलांच्या हाताखाली कामही शिकला. पण त्याचं सगळं लक्ष घोड्यांमध्ये असायचं.

१७५९ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, त्याने घर सोडलं आणि तो थेट घोडदळात भरती झाला. कर्नल जॉर्ज ऑगस्टस एलियट यांनी नव्यानेच उभारलेली ही पलटण १५वी लाइट ड्रॅगून्स म्हणून ओळखली जाते. तेव्हा युरोपात सात वर्षांचं युद्ध पेटलेलं होतं आणि चपळ घोडेस्वारांची सैन्याला गरज होती.

फिलिपची उंची सहा फुटांहून जास्त होती, अंगकाठी दणकट होती आणि आवाज तोफेसारखा. पण त्याचं खरं भांडवल वेगळंच होतं. बिथरलेला घोडा शांत कसा करायचा आणि नवख्या घोड्याला शिकवायचं कसं, हे त्याला फार लवकर उमगलं. घोडेस्वारी आणि तलवारबाजीचे नामांकित शिक्षक डोमेनिको ॲंजेलो यांच्याकडूनही त्याला धडे मिळाले.

जुलै १७६० मध्ये जर्मनीतल्या एम्सडोर्फ इथे झालेल्या लढाईत त्याने शत्रूचं निशाण हस्तगत केलं. त्या काळी हा मोठा पराक्रम मानला जाई. पुढे तो सार्जंट मेजर झाला.

युद्ध संपलं, आता पोटाचं काय?

१७६३ मध्ये युद्ध संपलं आणि तीन वर्षांनी ॲस्टली लष्करातून बाहेर पडले. वय होतं अवघं चोवीस. निरोपाच्या वेळी त्यांना एक पांढरा घोडा भेट मिळाला. सर्कशीच्या इतिहासात हा घोडा जिब्राल्टर या नावाने प्रसिद्ध आहे.

युद्ध संपल्यावर सैनिकांचं काय होतं, हा प्रश्न तेव्हाही होता. पराक्रमाचे दाखले होते, पण त्यावर चूल पेटत नव्हती. सुतारकामाकडे परत जायचं नव्हतं. हाताशी एक घोडा होता आणि त्याला वागवण्याचं कसब होतं.

लंडनमध्ये त्या काळी घोड्यावरच्या कसरती लोकप्रिय होत्या. चहाच्या बागा आणि खानावळींच्या मागच्या मोकळ्या मैदानांत काही स्वार असे खेळ करत. धावत्या घोड्यावर उभं राहणं, एका घोड्यावरून दुसऱ्यावर उडी मारणं, जमिनीवर पडलेला रुमाल भर वेगात उचलणं, असे हे खेळ होते. त्यासाठी लोक पैसे मोजतात, हे ॲस्टली यांनी पाहिलं. आपल्याला याहून अवघड कसरती येतात, हेही त्यांना माहीत होतं.

त्यांचं लग्न पॅटी जोन्स यांच्याशी झालं होतं. पॅटीही उत्तम घोडेस्वार होत्या. दोघांनी मिळून थेम्स नदीच्या दक्षिणेला लॅंबेथ भागात एक जागा घेतली. हाफपेनी हॅच असं तिचं नाव. तिथल्या पायवाटेने जायला अर्धा पेनी द्यावा लागे, म्हणून हे नाव पडलं होतं. १७६८ मध्ये इथे त्यांची घोडेस्वारी शाळा सुरू झाली. सकाळी शिकवणी आणि दुपारी खेळ, असा दिनक्रम होता.

जाहिरातीची त्यांची पद्धतही लष्करी थाटाची होती. अंगात गणवेश चढवून ते पांढऱ्या घोड्यावरून वेस्टमिन्स्टर पुलापाशी जात, येणाऱ्या-जाणाऱ्यांना पत्रकं वाटत आणि उपसलेल्या तलवारीने खेळाच्या मैदानाची दिशा दाखवत. त्यांचा आवाज ऐकून लोक थांबायचे, घोडा पाहून मागे यायचे.

सरळ रस्ता सोडून रिंगण

आतापर्यंतचे बरेचसे स्वार प्रेक्षकांसमोरून सरळ रेषेत घोडा पळवत. यात एक अडचण होती. घोडा आला, गेला आणि खेळ संपला. पुढची कसरत पाहायला तो परत फिरून येण्याची वाट पाहावी लागे. लांब उभ्या असलेल्यांना तर काही दिसतही नसे.

ॲस्टली यांनी घोडा गोल फिरवला. वर्तुळात घोडा फिरवणं ही त्यांची एकट्याची कल्पना नव्हती. घोडेस्वारी शिकवताना घोड्याला गोल फिरवण्याची रीत जुनी होती. पण त्या वर्तुळाभोवती प्रेक्षक बसवणं आणि तेच खेळाचं कायमचं ठिकाण करणं, हे ॲस्टली यांच्यामुळे रुळलं.

त्याचा पहिला फायदा साधा होता. घोडा कुठेही असला तरी सगळ्यांना दिसतो. दुसरा फायदा पैशांचा. मैदानाला कुंपण घालता येतं, म्हणजे तिकीट घेतल्याशिवाय खेळ पाहता येत नाही. तिसरा फायदा मात्र भौतिकशास्त्राचा होता आणि सर्कशीच्या पुढच्या अडीचशे वर्षांच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा ठरला.

४२ फुटांचं गणित

वळणावर मोटरसायकल आतल्या बाजूला कलते, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. गोल धावणारा घोडा आणि त्याच्या पाठीवर उभा असलेला स्वारही तसेच आत कलतात. सरळ रेषेत धावणाऱ्या घोड्यावर उभं राहिलं तर डावीकडे किंवा उजवीकडे, कुठल्याही बाजूला तोल जाऊ शकतो. गोल धावताना स्वार आधीच आत कललेला असतो आणि वर्तुळाकार गतीमुळे त्याला बाहेर ढकलल्यासारखं वाटत असतं. या दोन्हींचा मेळ बसला की त्याचे पाय घोड्याच्या पाठीवर घट्ट टेकतात. आत जास्त कललं तर वेग किंचित वाढवून तोल सावरता येतो.

हिशोब करून पाहिला तर चित्र आणखी स्पष्ट होतं. ४२ फुटांच्या रिंगणाच्या कडेने धावणारा घोडा साधारण ६ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर असतो. त्याचा वेग ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर धरला, तर एक फेरी साधारण साडेसात सेकंदांत पूर्ण होते. या वेगाला स्वाराला आतल्या बाजूला सुमारे २३ अंश कलावं लागतं. त्याच्या पायांवर येणारा भार जमिनीवर उभं असतानापेक्षा सुमारे ९ टक्क्यांनी वाढतो.

मग ४२ फूटच का? याहून मोठं रिंगण घेतलं तर त्याच वेगाला कल कमी होतो आणि स्वाराला मिळणारा हा आधार घटतो. प्रेक्षकही लांब जातात. फार लहान घेतलं तर घोड्याला सतत तीव्र वळण घ्यावं लागतं आणि त्याची लय मोडते. घोड्याची लय मोडली की वर उभा असलेला माणूस पडलाच.

ॲस्टली यांनी आधी मोठं रिंगण वापरून पाहिलं आणि मग ४२ फुटांवर ते स्थिरावले. या मापात आणखी एक सोय होती. मधोमध उभा असलेला शिक्षक लांब चाबकाच्या टोकाने घोड्याला इशारा देऊ शकत होता. आज रिंगमास्टर म्हणून ओळखला जाणारा माणूस तिथूनच आला.

एकदा हे माप रुळल्यावर ते बदलणं कुणालाच परवडणारं नव्हतं. ज्या घोड्याने एका रिंगणात लय पकडली आहे, त्याला दुसऱ्या गावात वेगळ्या मापाचं रिंगण दिलं तर तो गोंधळतो. गावोगाव फिरणाऱ्या कलावंतांना सगळीकडे तेच रिंगण हवं होतं. म्हणून सर्कस जिथे गेली, तिथे हे मापही गेलं.

घोडे दमले, मग कसरतपटू आले

नुसते घोड्यांचे खेळ किती वेळ चालणार? घोडे दमतात, स्वारही दमतात. आणि दोन वर्षांत तेच तेच पाहून लंडनकर कंटाळू लागले.

एव्हाना ॲस्टली यांनी वेस्टमिन्स्टर पुलाजवळ नवी जागा घेतली होती. या जागेसाठी पैसा कुठून आला, याबद्दल एक कथा सांगितली जाते. त्यांना पुलावर हिऱ्याची अंगठी सापडली, मालक काही मिळाला नाही आणि ती विकून भांडवल उभं राहिलं, अशी ती कथा.

१७७० च्या सुमारास त्यांनी जत्रांमध्ये आणि रस्त्यांवर खेळ करणारे कलावंत आपल्या रिंगणात आणले. दोरीवर चालणारे, कोलांट्या उड्या मारणारे, हवेत वस्तू झेलणारे, एकमेकांच्या खांद्यांवर चढून मनोरे रचणारे असे कितीतरी लोक त्यात होते. हे खेळ नवे नव्हते. आपल्याकडे डोंबारी पिढ्यानपिढ्या दोरीवर चालत आले, तसे युरोपातही असे कलावंत शतकानुशतकं होते. पण ते जत्रेत विखुरलेले असत. लोक चालता चालता थांबत आणि पुढे जात.

ॲस्टली यांनी त्यांना एका छताखाली, एका तिकिटात आणि एका क्रमात बसवलं. घोडा दमला की दोरीवरचा माणूस यायचा, तो उतरला की मनोरा रचला जायचा आणि तोवर पुढचा घोडा तयार असायचा. सर्कशीचा कार्यक्रम आजही याच सूत्रावर चालतो. सर्कशीचा शोध याचा अर्थ हा. त्यातला जवळपास प्रत्येक खेळ आधीपासून होता. तो एकत्र बांधणारं रिंगण नवं होतं.

विदूषकही याच रिंगणात आला. ॲस्टली यांच्या गाजलेल्या प्रवेशांपैकी एक होता ब्रेंटफर्डला मतदानासाठी निघालेल्या शिंप्याचा. १७६८ मध्ये ब्रेंटफर्डची निवडणूक खरोखरच फार गाजली होती. या प्रवेशातल्या शिंप्याला घोड्यावर बसताच येत नाही. चढायला गेला की घोडा पुढे सरकतो, बसला की हलत नाही आणि शेवटी असा उधळतो की शिंपी कसाबसा मानेला लटकतो. ज्याला घोड्यावर उत्तम बसता येतं, तोच न येण्याचं सोंग इतकं बेमालूम करू शकतो. आज झुल्यावरून मुद्दाम पडणारा जोकर बहुधा तिथल्या उत्तम कसरतपटूंपैकी एक असतो, त्याचं मूळ इथे आहे.

पॅटी आणि जॉन

ॲस्टली यांचा खेळ हा कुटुंबाचा धंदा होता. पॅटी स्वतः रिंगणात उतरत. त्यांच्या हातांवर मधमाश्यांचा थवा हातमोज्यासारखा बसलेला असे आणि त्या अवस्थेत त्या घोडा चालवत. सुरुवातीच्या दिवसांत मैदानात वाद्यवृंद नव्हता. तेव्हा त्या ढोल वाजवून ताल धरत, असंही सांगितलं जातं.

मुलगा जॉन अगदी लहानपणी घोड्यावर उभा राहू लागला. पुढे त्याने वडिलांच्या तोडीचं नाव कमावलं. वडिलांच्या खेळात ताकद आणि लष्करी शिस्त होती, तर जॉनच्या खेळात नृत्यातली लय होती. धावत्या घोड्याच्या पाठीवर तो नाचायचा.

बोलायला बंदी

सर्कशीत संवाद का नसतात? याचं एक उत्तर इंग्लंडच्या कायद्यात आहे.

१७३७ च्या कायद्यानुसार लंडनमध्ये संवाद असलेली नाटकं करण्याचा अधिकार मोजक्याच नाट्यगृहांना होता. ड्र्यूरी लेन आणि कॉव्हेंट गार्डन ही त्यांतली प्रमुख. इतरांनी नाटक केलं की ते बेकायदा ठरे. संगीत आणि नृत्याच्या जाहीर कार्यक्रमांसाठीही परवाना लागे. ॲस्टली यांच्या रिंगणात गर्दी वाढू लागली, तशी दंडाधिकाऱ्यांची नजरही त्यांच्याकडे वळली. परवान्याच्या मुद्द्यावर त्यांना कोर्टकचेऱ्यांना तोंड द्यावं लागलं. १७८३ च्या सुमारास अखेर परवाना मिळाला. लॉर्ड चॅन्सेलर थर्लो यांच्या मुलींना ॲस्टली घोडेस्वारी शिकवत आणि ती ओळख कामी आली, असं सांगितलं जातं.

बोलता येत नाही म्हटल्यावर सगळी गोष्ट शरीराने सांगावी लागली. मूकाभिनय, संगीत, घोडे आणि कसरती यांतूनच कथा उभी करायची. यातून घोड्यांवरच्या भव्य देखाव्यांचा एक प्रकार तयार झाला. जुलै १७८९ मध्ये पॅरिसमध्ये बॅस्टिलचा पाडाव झाला आणि काही आठवड्यांतच लंडनकरांनी तो ॲस्टली यांच्या रंगमंचावर पाहिला. म्हैसूरच्या टिपू सुलतानाशी झालेल्या लढायांचे देखावेही तिथे झाले. अर्थात ते इंग्रजांच्या बाजूने रंगवलेले होते. वर्तमानपत्र वाचू न शकणाऱ्या प्रेक्षकांसाठी दूरच्या युद्धाचं पहिलं चित्र अनेकदा हेच असे.

या बंदीचा एक अनपेक्षित फायदा झाला. ज्या खेळात भाषा नाही, तो कुठल्याही देशात नेता येतो.

नाव दिलं प्रतिस्पर्ध्याने

चार्ल्स ह्यूज हे कधीकाळी ॲस्टली यांच्याकडेच काम करणारे घोडेस्वार. पुढे ते वेगळे झाले आणि त्यांनी जवळच स्वतःचा खेळ सुरू केला. १७८२ मध्ये नाटककार-संगीतकार चार्ल्स डिब्डिन यांच्यासोबत त्यांनी नवी वास्तू उभारली आणि तिच्या नावात रॉयल सर्कस हे शब्द घातले.

सर्कस हा लॅटिन शब्द, अर्थ वर्तुळ. प्राचीन रोममध्ये रथांच्या शर्यती होत त्या मैदानालाही सर्कस म्हणत. म्हणून अनेकांना आधुनिक सर्कस थेट रोमहून आली असं वाटतं. प्रत्यक्षात दोन्हींत नावापलीकडे फारसं नातं नाही. रोमची सर्कस हे शर्यतीचं लांबलचक मैदान होतं. तिथे ४२ फुटांचं रिंगण नव्हतं.

ॲस्टली आपल्या वास्तूला ॲम्फीथिएटर म्हणत राहिले. लोकांच्या तोंडी मात्र ह्यूज यांचा शब्द बसला. ह्यूज पुढे खेळ घेऊन रशियात गेले. त्यांचे शिष्य जॉन बिल रिकेट्स यांनी १७९३ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाला सर्कस सुरू केली आणि राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन तिच्या प्रेक्षकांत बसले. जन्म ॲस्टली यांनी दिला, बारसं मात्र दुसऱ्यानेच केलं.

पॅरिसमधली शक्कल

ॲस्टली १७७२ मध्ये फ्रान्सला गेले आणि राजा पंधराव्या लुईसमोर त्यांनी खेळ केला. दहा वर्षांनी त्यांनी पॅरिसमध्ये स्वतःची वास्तू उभारली. राणी मारी ॲंत्वानेतला जॉनचा खेळ फार आवडत असे.

इथेही परवान्याने त्यांना गाठलं. दोरीवरच्या आणि जमिनीवरच्या कसरतींचा मान आपला आहे, असं म्हणत पॅरिसमधल्या एका जुन्या खेळवाल्याने तक्रार केली. ॲस्टली यांना फक्त घोड्यावरचे खेळ करण्याची मुभा राहिली. तेव्हा त्यांनी अनेक घोड्यांच्या पाठीवर मिळून एक लाकडी मंच ठेवला आणि कसरतपटूंना त्यावर चढवलं, अशी कथा आहे. खेळ घोड्यावरच चालला होता, त्यामुळे हुकूमही मोडला नाही.

लंडन, पॅरिस, डब्लिन अशा ठिकठिकाणी मिळून त्यांनी १९ वास्तू उभारल्या असं मानलं जातं.

दोनदा राख, दोनदा उभारणी

ॲस्टली यांच्या वास्तू मुख्यतः लाकडाच्या होत्या. आत शेकडो मेणबत्त्या आणि दिवे, रंगवलेले पडदे, भुसा, गवत आणि देखाव्यांसाठी दारूगोळा. आग लागायला आणखी काय हवं?

१७९३ मध्ये फ्रान्सशी युद्ध सुरू झालं, तेव्हा पन्नाशी ओलांडलेले ॲस्टली पुन्हा लष्करात गेले. ते परदेशात असतानाच १७९४ मध्ये लंडनची वास्तू जळून खाक झाली. परत येऊन त्यांनी ती उभारली आणि पुढच्याच वर्षी खेळ सुरू केले.

मधल्या काळात पॅरिसमधली वास्तूही हातची गेली होती. क्रांतीच्या काळात ती इटालियन वंशाचे अंतोनियो फ्रान्कोनी चालवू लागले. पुढे फ्रान्कोनी घराणं फ्रान्समधल्या सर्कशीचं मोठं घराणं झालं. १८०२ मध्ये तह झाला, तेव्हा ॲस्टली आपला हक्क मागायला पॅरिसला गेले. पण वर्षभरात पुन्हा युद्ध भडकलं आणि नेपोलियनच्या राजवटीने फ्रान्समध्ये सापडलेल्या इंग्रजांना ताब्यात घ्यायला सुरुवात केली. ॲस्टली कसेबसे निसटले.

१८०३ मध्येच लंडनची वास्तू दुसऱ्यांदा जळाली. या आगीत माणूसही दगावलं. पॅटी यांचाही मृत्यू याच सुमारास झाला. ॲस्टली एकसष्ट वर्षांचे होते. १८०४ मध्ये तिसरी वास्तू उभी राहिली आणि कारभार हळूहळू जॉनकडे गेला.

स्वस्थ बसणं मात्र त्यांच्या स्वभावात नव्हतं. १८०६ मध्ये त्यांनी लंडनच्या मध्यवर्ती भागात आणखी एक मंडप उभारला. त्यासाठी जुन्या फ्रेंच युद्धनौकेचं लाकूड वापरलं. हा धंदा चालला नाही आणि काही वर्षांत तोट्यात विकावा लागला.

१८१४ मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, पॅरिसमध्ये फिलिप ॲस्टली यांचं निधन झालं. तिथल्याच पेर लाशेझ दफनभूमीत त्यांना पुरण्यात आलं. सात वर्षांनी, १८२१ मध्ये, जॉनही पॅरिसमध्येच वारला.

मालक गेले तरी लंडनमध्ये ॲस्टलीला जायचं हा वाक्प्रयोग टिकून राहिला. जेन ऑस्टेन यांच्या एमा या कादंबरीत पात्रं ॲस्टलीला जातात. चार्ल्स डिकन्स यांनीही या खेळाबद्दल आणि तिथे येणाऱ्या कुटुंबांबद्दल लिहिलं आहे. १८९३ मध्ये ती वास्तू पाडण्यात आली.

तेच रिंगण भारतात

ॲस्टली यांच्या हयातीत सर्कशीत उडता झुला नव्हता. फ्रेंच कसरतपटू जूल लेओतार यांनी तो १८५९ मध्ये पॅरिसमध्ये पहिल्यांदा सादर केला. तंबू अमेरिकेतून आला, हिंस्र प्राण्यांचे खेळ एकोणिसाव्या शतकात वाढले. प्रत्येक नवा खेळ त्याच रिंगणात किंवा त्याच्या वर जागा शोधत गेला.

१८७९ मध्ये इटालियन घोडेस्वार ज्युसेप्पे कियारिनी यांची सर्कस मुंबईत आली. तिच्यापासून प्रेरणा घेऊन १८८० मध्ये ग्रेट इंडियन सर्कस उभी केली ती विष्णुपंत छत्रे यांनी. आजच्या सांगली जिल्ह्यातल्या अंकलखोपचे छत्रे हेही मुळात घोडेस्वार आणि घोड्यांचे शिक्षक होते. लंडनमधला सार्जंट मेजर आणि दक्षिण महाराष्ट्रातला हा चाबुकस्वार यांच्यात शंभर वर्षांहून अधिक अंतर आहे. पण घोड्याकडून सर्कशीकडे जाण्याची दोघांची वाट एकच होती. छत्रे यांच्या सर्कशीचा केरळमधल्या तलश्शेरीशी संबंध आला. तिथले शिक्षक कीलेरी कुंञिकण्णन यांनी पुढे कसरतपटू तयार केले आणि भारतीय सर्कशीला पिढ्यानपिढ्या कलावंत मिळत गेले.

२०१८ मध्ये ॲस्टली यांच्या पहिल्या खेळाला अडीचशे वर्षं झाली, तेव्हा ब्रिटनमध्ये वर्षभर कार्यक्रम झाले. भारतात वाघ, सिंह, अस्वल, माकड यांच्या खेळांवर बंदी आल्यापासून सर्कस मुख्यतः माणसांच्या कसरतींवर उभी आहे. अनेक सर्कशींमध्ये आता घोडाही उरलेला नाही. दोरीवर, सायकलवर आणि झुल्यावर कसरत करणाऱ्यांना खरं तर ४२ फुटांचं बंधन नाही. तरीही तंबू ठोकताना पहिल्यांदा मधोमध खुंटी रोवली जाते, तिला दोरी बांधून २१ फुटांवर गोल आखला जातो आणि मग बाकीची सर्कस त्याभोवती उभी राहते.